पहिल्या नंबरचा कॅन

भाद्रपद सरायला आला की सणसरच्या कालव्याकाठी दोन गोष्टी एकदम फुलतात. एक गाजर गवत आणि दुसरं संजीवनीचं नाक. गवताला बारीक पांढरी फुलं येतात, नाक लालबुंद होतं, आणि मग दसरा होऊन हवेत थोडा गारवा येईपर्यंत त्या घरात शिंकांचं राज्य असतं. संजीवनीला एक शिंक कधी येत नाही. आल्या तर सात-आठ, ओळीनं. तिची सासू सरुबाई पहिल्या दोन शिंकांना 'शतायुषी हो' म्हणायची आणि पुढच्यांना नुसती मान हलवायची. एवढ्या आयुष्याचं करायचं काय, हा प्रश्न तिलाही पडत असावा.

बारामतीच्या डॉक्टरांनी मागच्याच वर्षी सांगितलं होतं, ही ॲलर्जी आहे, गाजर गवतापासून लांब राहा. ते हे सांगत असताना त्यांच्या खिडकीबाहेरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये कमरेएवढं गाजर गवत मजेत डोलत होतं. लांब राहायचं म्हणजे जायचं तरी कुठं? डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला, झोपताना घ्यायची गोळी दिली. गोळीनं सकाळी उठवत नसे, म्हणून संजीवनी ती अर्धीच घ्यायची आणि उरलेली अर्धी देवावर सोपवायची.

त्यात हा महिना कामाचा. घट बसायच्या आत घर धुऊन काढायचं, जळमटं पाडायची, माळ्यावरची पितळेची भांडी चिंचेनं घासायची, घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या कालव्यावर नेऊन आपटायच्या. ही सगळी कामं धुळीची, आणि नेमकी फुलोऱ्याच्याच तोंडावर येणारी. संजीवनी तोंडाला ओला पंचा बांधून माळ्यावर चढायची, आणि खाली उभी राहून सरुबाई वरून येणाऱ्या शिंकांवरून काम कुठवर आलं ते ओळखायची.

सुख असं दिवसात एकच. काम आवरलं की पातेल्यात ओवा टाकून, डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घ्यायची आणि मग गवती चहा घातलेला कपभर चहा घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसायचं. त्या दहा मिनिटांत तिला कोणी हाक मारायची नाही, असा सरुबाईनंच नियम केला होता. यंदा चहाचा वास काही येत नसे, पण कपाची ऊब नाकाला लागायची. तेवढ्यावर संजीवनी खूश असायची.

खरी भानगड होती ती वास न येण्याचीच. कारण वास घेणं हेच संजीवनीचं काम होतं.

गावातल्या दूध संकलन केंद्रावर ती चार वर्षं दूध तपासत होती. केंद्रावर मशीन आहे. ते फॅट सांगतं, दाटपणाची डिग्री सांगतं, दुधात पाणी घातलंय का तेही सांगतं. पण किटली घासलीय की नुसती विसळलीय, दूध रात्रीचं आहे की सकाळचं, गाईनं काल कुणाच्या रानातला कांदा खाल्लाय, हे मशीनला कळत नाही. ते नाकाला कळतं. संजीवनी झाकण उघडून एकदा वाकायची आणि सांगून मोकळी व्हायची. चार वर्षांत तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं. तिनं पास केलेलं दूध चाळीस लिटरच्या कॅनात पडायचं, कॅन टेम्पोत चढायचे आणि शीतकरण केंद्रावर जायचे. तिथंही पुन्हा वास बघतात, पण सणसरचे कॅन ते बघितल्यासारखं करून घेत.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. केंद्राचे अध्यक्ष दत्तोबा तात्यांनी तपासणीला बाईमाणूस ठेवलं, तेव्हा पहिल्या दिवशी बाप्ये लोक किटल्या घेऊन नुसते लांब उभे राहिले. कुणी पुढं होईना. तेव्हा सरुबाई घरून आपली किटली घेऊन आली, त्या सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि टेबलावर किटली ठेवून म्हणाली, घे गं, घरचं आधी. मग लाजेकाजेनं बाकीचे आले. त्या दिवसापासून पहिल्या नंबरच्या कॅनात पहिलं दूध संजीवनीच्या घरचं, असा रिवाजच पडला. तात्या त्याला शुभ मानायचे. आणि घरच्या दुधाचा वास कोण घेत बसतं? ते मशीनला दाखवलं की सरळ कॅनात.

यंदा भाद्रपदाच्या शेवटच्या पंधरवड्यात संजीवनीचं नाक असं बंद झालं, की कापूर जवळ धरला तरी काही कळेना. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. तात्यांना कळलं तर ते दुसरं माणूस बघतील, आणि एकदा दुसरं माणूस बसलं की खुर्ची काही परत मिळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर घर, गोठा, चूल यांच्यात ती कुणाची तरी सून असायची, कुणाची तरी बायको असायची. सकाळचे ते दोन तास ती संजीवनी असायची. ते दोन तास तिला जिवापाड प्यारे होते. म्हणून ती रोजच्यासारखी झाकणं उघडायची, रोजच्यासारखी वाकायची आणि मान डोलवायची. दहा-बारा दिवस निभावलं.

मग एका सकाळी टेम्पोवाला युवराज आला तो कॅन परत घेऊनच. झाकणावर पांढऱ्या रंगात एकचा आकडा. काल गेलेला पहिल्या नंबरचा कॅन. दुधाला कडवट वास येतो म्हणून शीतकरण केंद्रानं तो नाकारला होता. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, वास घेतला होतास ना सगळ्यांचा? संजीवनी म्हणाली, घेतला होता. वास घेतला होता हे खरंच होतं. आला नव्हता एवढंच.

कडवट म्हटल्यावर रांगेत कुजबुज सुरू झाली. गाईनं गाजर गवत खाल्लं की दूध कडू होतं, हे इथं सगळ्यांना माहीत. आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या कुशाबाईकडं. कुशाबाई विधवा, दोन गाई, रान नाही. कालव्याच्या कडेचं गवत कापून आणायची आणि त्यावर गाई पोसायची. तिचंही दूध पहिल्याच कॅनात पडायचं, कारण ती सगळ्यांत लवकर यायची.

तिची पाळी आली. संजीवनीनं झाकण काढलं, वाकली. काहीच नाही. नाकात नुसता बोळा बसल्यासारखं. मागून कुणीतरी म्हणालं, नीट बघा. ती पुन्हा वाकली. वीस माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती आणि तिला एवढंच कळत होतं की काहीतरी बोलायला पाहिजे.

"जरा येतोय वास," ती म्हणाली.

कुशाबाई भांडली नाही. तिनं संजीवनीकडं एकदा बघितलं, झाकण दाबून बसवलं आणि किटली उचलून निघून गेली. संजीवनीला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कुशाबाई आलीच नाही. आणि युवराज पुन्हा पहिल्या नंबरचा कॅन परत घेऊन आला. त्यात कुशाबाईच्या दुधाचा थेंब नव्हता, तरी वास तोच. तात्या यावेळी फक्त संजीवनीकडं बघत राहिले. तिनं मशीनच्या आकड्यांत डोकं खुपसलं. आपण एका गरीब बाईवर नाहक आळ घेतला, हे आता तिला स्वच्छ दिसत होतं. पण मग दूध कडू कुणाचं? ते शोधायचं कशानं? शोधायचं नाक तर गेलेलं.

त्या दिवशी दुपारी गोधड्या धुवायच्या होत्या. घरापासून कालव्यापर्यंतच्या पायवाटेची तिला दरवर्षी धास्ती असायची. दोन्ही अंगांनी गाजर गवत, मधून डोक्यावर गोधड्या घेऊन जायचं म्हणजे शिंकांनी नाकी नऊ यायचे. पण आज वाट मोकळी होती. दोन्हीकडचं गवत कुणीतरी बुडापासून कापून नेलेलं. ग्रामपंचायतीला जाग आली वाटतं, असं म्हणत ती एकदाही न शिंकता कालव्यावर पोचली. एरवी या गोष्टीचा तिला केवढा आनंद झाला असता.

कालव्याच्या पायऱ्यांवर कुशाबाई बसली होती. धुणं नव्हतं जवळ. समोर गवताचा भारा सोडलेला, आणि ती त्यातली एकेक काडी निवडत होती, तांदूळ निवडावेत तशी. संजीवनीनं गोधडी पाण्यात सोडली. कुशाबाईच मान वर न करता बोलली.

"बघ, एक काडी गाजर गवताची न्हाय ह्यात. आदीबी न्हवती. म्या रोजच निवडत्ये."

संजीवनी गोधडी आपटत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ॲलर्जीचं आहे असं समजायची सोय होती. तिनं त्या सोयीचा फायदा घेतला.

ओल्या गोधड्या घेऊन ती घरी आली, आणि गोठ्यापाशी येताच शिंका सुरू झाल्या. एक, दोन, सात, अकरा. थांबेचनात. वाटेवर एक नाही आणि गोठ्यात अकरा, हे काय? गोठ्यात कधी एवढं होत नसे. या महिन्यात धारा सरुबाईच काढायची, त्यामुळं आठ दिवसांत तिचं इकडं येणं झालं नव्हतं. तिनं गोधड्या खाली ठेवल्या, पंचा नाकाला धरला आणि गव्हाणीत वाकून बघितलं. गाईंनी खाऊन उरलेली कुट्टी होती. मक्याचे तुकडे, हत्तीघासाचे तुकडे आणि त्यांत, शेवयांच्या खिरीत खसखस दिसावी तशी, बारीक पांढरी फुलं.

कुट्टी मशीन गोठ्याच्या टोकाला आहे. त्याच्याशेजारी वैरण टाकतात. संजीवनीचा नवरा संदेश बारामतीला एमआयडीसीत कामाला. शिफ्ट संपवून आला की मशीनशेजारी जे पडलेलं असेल ते मशीनमध्ये घालायचं, एवढंच त्याचं काम. गाईसमोर अख्खं गाजर गवत टाकलं तर ती तोंड फिरवते. पण मका-घासाबरोबर बारीक करून दिल्यावर बिचारी काय वेचणार? घरात प्यायला म्हशीचं दूध होतं, आणि म्हैस बांधावर चरून स्वतःचं स्वतः निवडून खायची. म्हणून घरच्या चहाला कधी कडू चव आली नाही. कडू झालं होतं ते गाईंचं दूध. केंद्रावरचं. पहिलं.

"आत्याबाई, हे गवत हितं कुणी आणलं?"

सरुबाई चुलीपुढून उठून आली. तिनं गव्हाणीकडं बघितलं, मग मशीनशेजारच्या ढिगाकडं, आणि तिचा चेहरा पडला. कापलं मीच, असं म्हणाली. पाच-सहा दिवस झाले, संजीवनी केंद्रावर गेली की सरुबाई विळा घेऊन पायवाटेवर जात होती. गोधड्या धुवायला काढायच्या आत वाट साफ करायची, म्हणजे सुनेला यंदा शिंका कमी येतील. कापलेलं जाळावं तर धुरानं आणखी त्रास, वाटेवर टाकावं तर वाऱ्यानं पुन्हा घरात. म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात आणून टाकलं, सवड झाली की खड्डा काढून पुरायचं ठरवून. कोपरा नेमका मशीनशेजारचा होता. संदेशला वाटलं, आईनं वैरण आणली.

"तुझ्यापायी क्येलं गं," सरुबाई म्हणाली.

संजीवनीला रागवायचं होतं. पण अडुसष्ट वर्षांची बाई पाच-सहा दिवस कमरेत वाकून आपल्या नाकासाठी गवत कापत होती, आणि एका शब्दानं बोलली नव्हती. अशा माणसावर रागवायचं कसं? ती सासूशेजारी गव्हाणीवर टेकली आणि तिनं सगळं सांगितलं. नाक बंद झाल्याचं, खोटं मान डोलवल्याचं, कुशाबाईचं.

सरुबाईनं मग तोड काढली. गवत आजच पुरू. गाईंना उद्यापासून चोख वैरण देऊ. चार दिवसांत दूध आपोआप गोड होईल, कॅन परत यायचा बंद होईल, आणि कुणाला काही कळणार नाही. खुर्ची राहील.

"आन् कुशाकाकू?" संजीवनीनं विचारलं.

दूध गोड झालं की गाव म्हणणार, बघा, कुशाबाईचं बंद केलं आणि नीट झालं. आळ तिच्यावर कायमचा चिकटणार. दोघींनी तिन्हीसांजेपर्यंत खड्डा काढला, म्हणजे काढला सरुबाईनं. संजीवनीला तिनं लांब उभं केलं होतं, नाकाला पंचा लावून. ढीग मातीआड झाला. पण कुशाबाईवरचा आळ उघड्यावरच राहिला.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली, आणि केंद्रावर जायच्या आधी कुशाबाईच्या दारात गेली. दूध घेऊन चला, म्हणाली. कुशाबाईनं कशाला असं विचारलं, तर म्हणाली, चला तर खरं. मागून सरुबाई घरची किटली घेऊन केंद्रावर आली. रांग लागली होती. युवराज टेम्पोतून तिसऱ्यांदा पहिल्या नंबरचा कॅन उतरवत होता. तात्या टोपी हातात घेऊन उभे होते.

संजीवनी खुर्चीत बसली नाही. टेबलाच्या पुढं येऊन उभी राहिली.

"तात्या, पंधरा दिस झालं, मला कसलाच वास येत न्हाय. परवा कुशाकाकूंच्या दुधाला वास येतोय म्हणलं, ते खोटं हुतं. कडू दूध आमच्या घरचं हाय. आमच्या कुट्टीत गाजर गवत गेलंय."

बोलून झाल्यावर तिला ओळीनं सात शिंका आल्या, आणि त्या शांततेत त्या फार मोठ्या वाटल्या. तात्या नाराज झाले होते ते दिसतच होतं. त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली. नाक बंद झालं हा तुझा गुन्हा नाही, पण ते झाकलंस आणि दुसऱ्याचं नाव घेतलंस हे वाईट केलंस, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. मग म्हणाले, आता तपासणीला दुसरं माणूस बघावं लागेल. संजीवनीनं मान खाली घातली. हे ऐकायला लागणार हे तिला रात्रीच माहीत होतं.

"ते मागनं बघा," कुशाबाई पहिल्यांदाच बोलली. "आदी माझ्या दुधाचं काय ते सांगा. चौघांत परत पाठवलंय, चौघांतच सांगा."

आता वास घ्यायचा कुणी? तात्यांच्या तोंडात चाळीस वर्षं तंबाखू, त्यांच्या नाकाला कोण विचारतं? रांगेतल्या निम्म्यांची तीच कथा, आणि उरलेल्यांना स्वतःच्या दुधाची काळजी. तेव्हा सरुबाईनं किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि पुढं आली.

"म्या बघते, भावजी. माझं नाक अजून शाबूत हाय."

कुणीतरी हसलं. सरुबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं कुशाबाईच्या किटलीचं झाकण काढलं, वाकली, डोळे मिटले. नातवंडाच्या टाळूचा वास घ्यावा तसा सावकाश वास घेतला. मग सरळ झाली.

"चोख हाय. ओता."

त्यानंतर तिनं आपली किटली टेबलावर घेतली. रिवाजाप्रमाणं जी न हुंगता कॅनात जायची, ती. झाकण काढलं, वाकली, आणि या वेळी डोळेही मिटावे लागले नाहीत.

"ह्ये कडू. ह्ये माघारी जाणार," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं किटली उचलून भिंतीकडंला ठेवली.

मघाशी हसलेला माणूस आता हसला नाही. कुशाबाईनं तिचं दूध पहिल्या नंबरच्या कॅनात ओतलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या कॅनात पहिलं दूध दुसऱ्या घरचं पडलं. रिकामी किटली घेऊन ती संजीवनीपाशी थांबली.

"वास येत न्हवता तर मला इचारायचं हुतंस," ती म्हणाली. "म्याबी नाक घिऊनच येत हुते की."

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं द्रोणात थोडा खवा आणून संजीवनीच्या टेबलावर ठेवला. परत पाठवलेलं दूध वाया घालवायची बाई नव्हती ती. संजीवनीनं तो खवा तोंडात टाकला. वास नाही आला, पण गोडी कळली.

सरुबाईनं घरचंच दूध माघारी ठेवलेलं बघून तात्यांनी त्याच सकाळी निकाल दिला होता. दसऱ्यापर्यंत हुंगायचं काम सरुबाईचं आणि मशीन संजीवनीचं. नाक उघडलं की मग संजीवनीनं पहिल्यासारखं एकटीनं बघायचं. आणि तपासणाऱ्याच्या घरचं दूध पहिलं, हा रिवाज चालू राहील, फक्त आता ते हुंगलंही पहिलं जाईल. पुढचे तीन दिवस सरुबाईनं सगळ्यांदेखत आपली किटली उघडली, वास घेतला आणि बाजूला ठेवली. चौथ्या दिवशी तिनं वास घेतला आणि किटली कॅनात रिकामी केली. रांगेतल्या दोघातिघांनी 'हां' केलं. कॅन पुन्हा कधी परत आला नाही.

त्यानंतरच्या रविवारी वस्तीवरच्या बायकांनी हातांत खताच्या रिकाम्या पिशव्या घालून कालव्याकाठचं उरलेलं गवत मुळासकट उपटलं. पुढल्या साली फुलायच्या आत उपटायचं, असंही ठरलं. संजीवनीला त्या दिवशी घराबाहेर पडायला बंदी होती. ती आत बसून पितळेची भांडी घासत होती, आणि बाहेरून येणारा बायकांचा हसण्याचा आवाज ऐकत होती. आपल्या नाकापायी एवढ्या बायका उन्हात वाकल्यात, याचं तिला ओशाळं वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

सरुबाईची मात्र आता ऐट होती. केंद्रावर संजीवनीशेजारी तिला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. ती सकाळी धुतलेलं लुगडं नेसायची, चष्मा पुसायची. जन्मभर तिनं गावातल्या बाप्यांपुढं कधी खुर्चीत बसून बघितलं नव्हतं. आता तेच बाप्ये किटली घेऊन समोर उभे राहायचे आणि ती 'चोख' म्हणेपर्यंत श्वास धरायचे. एकाला तिनं किटली घासून आणायला माघारी धाडलं, तर तो निमूट गेला. हा किस्सा तिनं संदेशला तीनदा सांगितला.

घट बसले, उठले, दसरा झाला. हवा बदलली. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मागच्या पायरीवर चहाचा कप तोंडाशी नेताना संजीवनीला अचानक गवती चहाचा वास आला. तिनं कप खाली घेतला, पुन्हा वर नेला. वास होताच. नाक उघडलं होतं. ती तशीच बसून राहिली, चहा निवेपर्यंत नुसता वास घेत. मग ओल्या मातीचा आला, गोठ्याचा आला, दोरीवरच्या गोधडीला लागलेल्या उन्हाचाही आला. कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं. आत सरुबाई उद्या नेसायच्या लुगड्याच्या निऱ्या चापून ठेवत होती, आणि गुणगुणत होती.

संजीवनीनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मशीनवर बसून ती मुद्दाम नाक ओढायची, खोटं खोटं पुसायची. वास येत नसताना येतो म्हणून सोंग केलं तेव्हा झोप लागत नव्हती. आता येत असताना नाही म्हणून सोंग करताना मात्र तिला गाढ झोप लागत होती.

पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्यावर वेणी घालत होती. आत चुलीवर म्हशीचं दूध होतं.

"आत्याबाई, दूध खाली लागतंय बघा," ती बोलून गेली.

बोलली आणि तिनं जीभ चावली. आत भांड्याचा आवाज झाला, दूध उतरलं. मग सरुबाई दारात आली. हातात पक्कड, कपाळावर आठी, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"कवापास्नं येतोय वास?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं," संजीवनी म्हणाली. आता लपवून उपयोग नव्हता.

"मला तिसऱ्याच दिवशी कळलं. रांगेतल्या त्या रावजीची किटली उघडली तवा तू नाक मुरडलंस."

"मग बोलला का न्हाय?"

सरुबाईनं पक्कड पदराला पुसली.

"तू तरी कुठं बोललीस?"

दोघी एकदमच हसल्या. इतक्या, की आतून संदेशनं काय झालं म्हणून विचारलं आणि त्याला कुणी सांगितलं नाही. मग सरुबाईनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, कोपऱ्यातली किटली उचलली आणि पायरी उतरली.

"चल, उशीर हुतोय," ती म्हणाली. "आदी आपलं हुंगायचंय. आज दोघींनी हुंगू."